ईश्वर गवंड्याची पाडापाडी

ईश्वर गवंड्याच्या अंगावरून वारं गेलं ते ऐन उन्हाळ्यात, मोडनिंबच्या एका बंगल्याचा स्लॅब भरताना. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. पाय हळूहळू सुधारला, जीभही वळायला लागली; उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी रबराचा चेंडू दिला होता, दिवसभर दाबत बसा म्हणून. ईश्वरनं तो थोडे दिवस दाबला आणि मग कॉटखाली लोटून दिला.

"चेंडू दाबून कुणाचं भलं झालंय?" असं म्हणून तो भिंतीकडं तोंड करून पडायचा.

बुधवार पेठेतलं राहतं घर त्यानं स्वतःच बांधलेलं. त्याच घरात बापानं असं पडून राहावं, हे मुलीला, प्रतिक्षाला बघवेना. ती एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर कामाला होती. एका रविवारी तिनं आपला जुना लॅपटॉप त्याच्यापुढं मांडला, माऊस उजव्या हाताखाली सरकवला आणि इंटरनेटवरचा एक खेळ उघडून दिला.

"पप्पा, ही इमारत दिसते ना, ती पाडायची. एक घण, एक दोरी आणि दोन सुरुंग, एवढंच मिळणार. सगळा ढिगारा ह्या लाल रेघेच्या खाली आला पाहिजे. आणि शेजारच्या घराला धक्का लागला तर हरलात."

ईश्वरनं पडद्यावरच्या पिवळ्या इमारतीकडं बघितलं. "जलमभर बांधत आलो. आता पाडायला लावतीस व्हय?"

"खोटी आहे, पप्पा."

"खोटी का असंना. कुणीतरी बांधलीच हाय की."

त्यानं माऊसला हात लावला नाही. पण लॅपटॉप उघडाच राहिला, आणि दुपारी भांडी आवरून मीनाबाई, त्याची बायको, तिथं येऊन टेकली. पदराला हात पुसत तिनं दिसेल तिथं सुरुंग लावला. धडाम! इमारत शेजारच्या घराला घेऊनच खाली बसली. मीनाबाई खो खो हसली. तिनं पुन्हा लावला, पुन्हा फसला. पण बाई काही उठेना. शेवटी एकदाची इमारत जागच्या जागी कोसळली आणि पडद्यावर चांदण्या चमकल्या.

"अवो, पाडली की मी!"

"नशिबानं पडली," ईश्वर कॉटवरून म्हणाला. "तू बीमला सुरुंग लावलास. आधी कॉलम तोडायचा असतो."

"मग या की. तोडा."

आता बायकोनं असं म्हटल्यावर गवंडी कसा पडून राहील? तो उठला, माऊस धरला. पडद्यावरचा बाण ताडी प्यालेल्या माणसासारखा हेलपाटायला लागला. घाम फुटेस्तवर झटून त्यानं कॉलमला सुरुंग लावला. इमारत जराशी कलली आणि तशीच उभी राहिली.

"खोटंय हे!" ईश्वर तडकला. "कॉलम तुटल्यावर अशी इमारत उभी ऱ्हातच न्हाय. भिंत वळंब्यात न्हाय, पाया न्हाय, कुणी बांधली असली?"

"ती तुमची भिंत न्हाय, त्यांची हाय," मीनाबाई म्हणाली. "त्यांच्या रीतीनं पाडा की."

झालं, तिथून दोघांना नाद लागला. दुपारची भाकरी झाली की लॅपटॉप उघडायचा. ईश्वर आधी इमारत कशी बांधली असेल ते बघत बसायचा, ओझं कुठून कुठं उतरतंय त्याचा हिशोब मांडायचा, आणि बहुतेक वेळा चुकायचा. मीनाबाई हिशोब-बिशोब न करता ढकलून बघायची, आणि पाडायची. मग तो चिडायचा, ती चहा टाकायची, आणि चहा पिऊन दोघं पुढच्या इमारतीला भिडायची.

ह्या भांडणात बाण कधी सरळ चालायला लागला, ते ईश्वरला कळलंही नाही. एका सकाळी तो बोलता बोलता शर्टाच्या गुंड्या उजव्या हातानं लावत होता. मीनाबाईनं ते बघितलं. चुलीकडं तोंड फिरवून तिनं डोळे पुसले.

मॅडम तपासायला आल्या, हात वरखाली करून बघितला आणि खूश झाल्या. "बघा, चेंडूचा गुण आला की नाही?"

"लई," ईश्वर गंभीर तोंडानं म्हणाला. मीनाबाईनं पदर तोंडात कोंबला.

पुढं एक दिवस पाडायच्या इमारतीच संपल्या. दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं. तेव्हा प्रतिक्षानं दाखवलं, की ह्या खेळात आपली इमारत आपल्यालाही रचता येते. ईश्वरचे डोळे चमकले. त्यानं दोन मजले चढवले, पुढं ओसरी काढली, वर कठडा दिला, कॉलम एका ओळीत घेतले. कडेला लिंबाचं झाडसुद्धा लावलं.

"झकास!" प्रतिक्षा म्हणाली. "आता ही लोकांना खेळायला द्यायची, तर आधी तुम्हीच पाडून दाखवायची. नियमच आहे. नाहीतर कुणीही न पडणारी इमारत करून ठेवील."

ईश्वरनं लॅपटॉप मिटला. त्या दिवशी उघडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

"अशी पेटीत घालून ठिवायला बांधली व्हय?" शेवटी मीनाबाईनंच विचारलं.

ईश्वर विचारात पडला. लोकांची एवढी घरं बांधली, पण एकाही घरात त्याचा जीव अडकला नव्हता. मालकाच्या हातात किल्ली दिली की तो पुढच्या साइटवर हजर. मग हिच्यापायीच आतडं का तुटावं? त्यानं लॅपटॉप ओढून घेतला. दोरी बांधली, घण घातला, सुरुंग लावले. त्याच्या उजव्या हातानं, एकही बोट न अडखळता. बैल गुडघे मोडून खाली बसतो तशी इमारत खाली बसली. लिंबाचं पानसुद्धा हललं नाही. क्षणभर त्याच्या छातीत रितं रितं वाटलं. तेवढ्यात चांदण्या चमकल्या, आणि इमारत पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली, आता दुसऱ्या कुणासाठी.

"काय बसली! बघितलंस?" तो हसत सुटला.

आठवडाभरानं प्रतिक्षानं कुणा अनोळखी माणसाचा निरोप वाचून दाखवला: 'हे कुणी बांधलंय? आमच्यानं तर पडेना.'

"दमानं घ्या म्हणावं," ईश्वर म्हणाला. पण दिवसभर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू काही मावळलं नाही. संध्याकाळी तो नव्या इमारतीला लागला. मीनाबाई शेंगा फोडत शेजारीच बसली होती.

"ह्या खेपेला सैपाकघराला खिडकी ठिवा."

"अगं, पाडायचीच हाय की."

"पाडस्तवर तरी उजेड येऊ द्या."

ईश्वरनं तिच्याकडं बघितलं आणि एकाच्या ऐवजी दोन खिडक्या काढल्या.