पंचविसावी पाटी

फ्रेमवाल्या काकांचा फोन आला तेव्हा बाळ नुकतंच झोपलं होतं. तिनं पहिल्या घंटेलाच फोन उचलला आणि फ्रीज आणि भिंतीच्या बेचक्यात तोंड घालून हळू आवाजात बोलायला लागली. बाळ म्हणजे तिची अकरा महिन्यांची मुलगी. कागद चुरगळला तरी जागी व्हायची.

"वहिनी, प्रदर्शनाच्या पाट्या छापायला घेतोय," काका म्हणाले. "बाकी सगळं ठीक आहे. पंचविसाव्या पाटीत तेवढी एक शंका आहे. 'दूध नव्वद' लिहिलंय. नव्वद काय? कप?"

पाट्या चोवीसच होत्या. तिनंच लिहिल्या होत्या, एकेक तीनदा तपासली होती. पंचविसावी कुठून आली, असं तिनं विचारलं.

"अहो, तुमच्या फोटोखालची. साहेबांनी कालच पाठवली."

आणि त्यांनी ती वाचून दाखवली, लाकडाच्या पट्टीची मापं वाचावीत तशी, एका सुरात.

"सकाळी सहा दहा, दूध नव्वद. ताप शंभर पॉइंट दोन. सात वाजता उलटी. साडेआठ, दूध तीस, तेही ओकली. नऊपासून रडतेय. थांबत नाही. तिला वॉशिंग मशीनपाशी जमिनीवर ठेवलं आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. जिना दिसत होता. चपला पायात होत्या. एकवीस पायऱ्या मोजल्या. उतरले नाही. का उतरले नाही ते माहीत नाही."

"तर नव्वद मिली का?" काकांनी विचारलं. ती "हो" म्हणाली.

नोंदींची वही वाचायला नवऱ्याला तिनंच सांगितलं होतं, हे तिला फोन ठेवल्यावर आठवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दूध, ताप, शी-शू, सगळं वेळ घालून लिहून ठेवा. ती लिहायची. कधी आकड्यांखाली दोन ओळी जास्तीच्या उतरायच्या, कारण पेन हातात असायचं आणि बोलायला कुणी नसायचं. मागच्या महिन्यातल्या त्या तापाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोनवर आकडे मागितले. बाळ तिच्या खांद्यावर होतं, हात रिकामा नव्हता. वहीतून वाचून सांग, असं तीच नवऱ्याला म्हणाली. त्यानं वाचत बसण्यापेक्षा पानाचा फोटो काढून पाठवून दिला. तो फोटो त्याच्या फोनमध्येच राहिला. आणि त्याच दुपारी, मशीनच्या घरघरीनं बाळ एकदाचं झोपलं आणि त्याला छातीशी धरून मशीनला टेकलेली तीही तोंड उघडं टाकून झोपली, तेव्हा त्यानं दुसरा फोटो काढला. तो मात्र चांगल्या कॅमेऱ्यानं.

नवरा फोटोग्राफर. लग्नकार्यं, शाळेचे गट-फोटो, पासपोर्टचे फोटो यांवर घर चालायचं. गेलं वर्षभर त्यानं स्वतःसाठी म्हणून माणसं टिपली होती. चाव्या करणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा, इस्त्रीवाली, शाळेची घंटा देणारी बाई. चोवीस चेहरे आणि प्रत्येकाखाली चार ओळी, जणू ते माणूसच बोलतंय अशा. प्रदर्शनाचं नाव 'बोलके चेहरे'. बोलायचं काम तिच्याकडे. कॉलेजच्या अंकात तिच्या दोन कथा आल्या होत्या, मग दोन वर्षं जाहिरातींच्या ओळी लिहायची नोकरी, मग बाळ. नवरा फोटो आणून द्यायचा आणि ती बाळाच्या दुपारच्या झोपेत, चाळीस मिनिटांत, त्या चेहऱ्याला वाचा फोडायची. त्या माणसांना एकदा भेटते तरी, असं ती सुरुवातीला म्हणाली होती. बाळाला घेऊन कुठे हिंडणार, तो म्हणाला, तू चेहऱ्याकडे बघ, तुला सुचतं. आणि सुचायचंही. सासूबाईंनी एकदा चष्मा लावून दोन-चार पाट्या वाचल्या आणि म्हणाल्या, छान आहे, पण हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. तिला राग आला होता.

दहावी पाटी लिहून झाली तेव्हा तिनं विचारलं होतं, माझं नाव कुठे येणार? त्यानं शांतपणे समजावलं. नाव आलं की गंमत गेली, बघणाऱ्याला चेहराच बोलतोय असं वाटलं पाहिजे, मध्येच लेखिका कुठून आली? पत्रिकेवर छापलं होतं, 'छायाचित्रे आणि संकल्पना', पुढे त्याचं नाव. ती मूग गिळून बसली. उरलेल्या चौदा पाट्याही लिहिल्या. आयत्या बिळावर नागोबा, असं एकदा ओठांवर आलं होतं, पण बाळ उठलं आणि ते राहूनच गेलं.

तो घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती. सासूबाई आतल्या खोलीत बाळाला खेळवत होत्या, म्हणून दोघं कुजबुजत भांडले. कुजबुजत भांडणं हे त्या घरात बाळाच्या जन्मापासून सुरू झालेलं कसब होतं.

"तू नीट वाचलंस तरी का ते?" तो म्हणाला. "चोवीस पाट्या एकीकडे आणि ही एक एकीकडे. आजवर तू इतकं चांगलं लिहिलेलं नाहीस."

"ते मी लिहिलेलं नाही. ती नोंद आहे."

"म्हणून तर."

मुलगी उद्या मोठी होईल, वाचेल, असं ती म्हणाली. आई वाचतील. दोन्हीकडची माणसं येणार आहेत, शेजारचे येणार आहेत. तो म्हणाला, लोक इतकं लक्षात ठेवत नाहीत. मग त्याला एकदम काहीतरी सापडल्यासारखं झालं. चेहरा उजळला.

"नाव पाहिजे होतं ना तुला? घालतो. या पाटीखाली तुझं नाव. मग तर झालं?"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, तिनं शोधली तरी सापडली नाही. तो खरोखरच तिला काहीतरी देत होता.

"फोटो राहू दे," ती शेवटी म्हणाली. "पाटी नको."

"बघतो," तो म्हणाला. बघतो म्हणजे नाही, हे लग्नाच्या चौथ्या वर्षी कुठल्याही बाईला कळतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मदतीला म्हणून ती बाळाला घेऊन हॉलवर गेली. हॉल पहिल्या मजल्यावर, एका जुन्या बँकेच्या वर. जमिनीवर खिळे, स्क्रू, टाचण्या विखुरल्या होत्या. तिनं आधी ते सगळं पायानं एका कोपऱ्यात लोटलं, मग बाळाला बाबागाडीतून काढायचंच नाही असं ठरवलं. नवरा शिडीवर चढून दिवे फिरवत होता. पंचविसावा फोटो शेवटच्या भिंतीवर एकटा लावला होता, सगळ्यांत मोठा. उघडं तोंड, गळ्यापाशी ओला झालेला गाऊन, मशीनच्या काचेत अख्ख्या न्हाणीघराचं वाकडं प्रतिबिंब. उजवीकडे खाली पाटी होती आणि पाटीखाली तिचं नाव, माहेरच्या आडनावासकट. ते बघून क्षणभर तिला आनंदच झाला. हे तिला पुढे फार दिवस कुणाला सांगता आलं नाही.

मग तिनं घराची चावी पाटीच्या कडेखाली घातली आणि उचकटली. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी होती. तिच्याबरोबर भिंतीचा रंगही पोपडा होऊन आला. पाटी तिनं बाळाच्या पिशवीत, लंगोटांच्या खाली सरकवली.

दुपारी त्याला दिसलं. पोपडा निघालेल्या जागेकडे त्यानं बघितलं, पिशवीकडे बघितलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि तिरपी झालेली फ्रेम बोटानं सरळ केली. ती जिंकली असं तिला वाटलं. इतकं सोपं होतं तर आपण आठ दिवस झोपलो का नाही, असंही वाटलं.

पाच वाजता माणसं यायला लागली. टिपलेल्या चोवीसांपैकी बरेच जण आले होते, धुतलेल्या कपड्यांत, जरा अवघडून. स्वतःच्या चेहऱ्यासमोर उभं राहायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते एकमेकांचे चेहरे बघत होते. चाव्या करणारा बायकोला घेऊन आला होता. बायको ठेंगणी, बोलकी, एकेक पाटी मोठ्यानं वाचत चालली होती. नवऱ्याच्या फोटोपाशी आल्यावर तिनं पदर सावरला आणि वाचलं,

"अख्ख्या शहराच्या चाव्या माझ्या हातून गेल्या. माझ्या घराची मात्र एकच चावी. दुसरी कुणासाठी करू?"

स्वतः लिहिलेल्या चोवीसांतली ही तिची लाडकी पाटी. चेहऱ्यावरचा एकटेपणा कसा अचूक पकडलाय, असं फोटोग्राफर नवऱ्याचे दोन मित्र म्हणाले होते.

"कुणासाठी म्हणजे?" बायको नवऱ्याकडे वळली. "मग मी काय रोज कुलूप फोडून घरात येते?"

"मी नाही बोललो असं."

"छापलंय की. फोटो तुमचा, शर्ट तुमचा, बोलणं तेवढं शेजाऱ्याचं होय?"

आजूबाजूचे हसले. चावीवाला हसला नाही. कानाच्या पाळ्या लाल करून तो पाटीकडे बघत उभा राहिला, मग सगळ्यांत जवळ ती उभी होती म्हणून तिला विचारलं, "ताई, हे कुणी लिहिलं?"

पाटीखाली नाव नव्हतं. इतके दिवस ज्याचं दुःख होतं तेच आता छपरासारखं डोक्यावर होतं. ती नुसती गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

"मी," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. रागावला नव्हता, रागावला असता तर बरं झालं असतं. "वाक्य चांगलं आहे," तो म्हणाला. "पण माझं नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. घरात चार चाव्या आहेत. त्यातली एक हिच्याकडून कायम हरवलेली."

"दोनदाच हरवली," बायको म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. नवरा बाहेर जाऊन आपल्याबद्दल असं सांगतो, ही शंका काही केल्या तिच्या चेहऱ्यावरून जात नव्हती.

"पाटी काढू का?" तिनं चावीवाल्याला विचारलं.

"काढाच."

तिनं पुन्हा घराची चावी काढली आणि पाटीच्या कडेखाली घातली. चावीवाला धंद्याच्या नजरेनं बघत होता. जोर वरून नको, खालून लावा, असं त्यानं सांगितलं. पाटी अर्धी सुटली असेल तेवढ्यात मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. नेहमीचा नव्हे, समारंभातला.

शेवटच्या भिंतीपाशी पंधरा-वीस माणसं जमली होती. या फोटोखाली काहीच का नाही, असं कुणीतरी विचारलं असावं. "इथे एक पाटी होती," तो सांगत होता. "माझ्या बायकोनं स्वतः लिहिलेली. तिला संकोच वाटला, तिनं काढून टाकली. पण मला ती पाठ आहे." आणि तो म्हणायला लागला. सकाळी सहा दहा, दूध नव्वद. तो एकही आकडा चुकला नाही. तिला वाटलं होतं, त्यानं पान नुसतं वापरलं. त्यानं ते पाठ केलं होतं. सासूबाई बाळाला कडेवर घेऊन पहिल्याच रांगेत उभ्या होत्या. बाळ बापाच्या हलणाऱ्या हाताकडे बघून हसत होतं.

"जिना दिसत होता," तो म्हणाला. "चपला पायात होत्या. एकवीस पायऱ्या मोजल्या."

तिनं चावी घट्ट धरली. त्यानं एकदा समोर बघितलं, आपल्या आईकडे, तिच्या कडेवरच्या मुलीकडे. थांबला.

"उतरले नाही," तो म्हणाला, "कारण मी आई आहे."

एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. माणसं मागे वळून तिला शोधायला लागली, आणि सापडल्यावर त्यांच्या डोळ्यांतलं कौतुक पाहून तिला खाली बघावंसं वाटलं. हातात चावीवाल्याची अर्धी सुटलेली पाटी होती.

तिनं फक्त खरी ओळ सांगायची होती. सहा शब्दांची. का उतरले नाही ते माहीत नाही, यापेक्षा जास्त काहीच नाही. पण ती सांगितली की ते पान तिचं झालं असतं, आणि ते तिच्या मुलीच्या वाट्याला गेलं असतं. त्याची ओळ सोयीची होती. मुलीला मोठेपणी कुणी सांगितलंच तर तीच ओळ सांगेल. तिनं बाकीचा जोर खालून लावला, पाटी काढली आणि चावीवाल्याच्या हातात दिली. वाक्य चांगलं होतं.

चावीवाल्यानं पाटी उलटी करून खिशात ठेवली. तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, मग बायकोला म्हणाला, चल.

घरी जायच्या वेळी नवरा पाहुण्यांत अडकला होता, म्हणून ती आणि सासूबाई पुढे निघाल्या. जिन्यात दिवा होता पण मंद. तिनं बाळाला आपल्याकडे घेतलं आणि कठड्याच्या बाजूनं उतरायला लागली, एकेक पायरी पायानं चाचपत. सासूबाई दोन पायऱ्या मागे होत्या. मधल्या वळणावर त्या थांबल्या, धाप लागली म्हणून असेल.

"अगं," त्या म्हणाल्या, "शेवटचं ते, आई आहे म्हणून उतरले नाही असं. ते खरंच तू लिहिलं होतंस?"

आवाजात टोमणा नव्हता. उलट, दुसरं काही उत्तर आलं असतं तरी ऐकून घ्यायची तयारी असावी असा आवाज होता. कदाचित त्यांच्याकडेही सांगण्यासारखं काही होतं. बाळानं तिच्या केसांची बट मुठीत धरून ओढली. पिशवीत लंगोटांखाली खरी पाटी होती. चालताना तिचा कोपरा बरगडीला टोचत होता.

"हो, आई," ती म्हणाली.

"असं होय," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचं न बोलता उतरायला लागल्या.