न वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पोटात एवढासा बुचाचा मणी, पण आवाज असा की तुरुंगाच्या चार भिंती दणाणतील!

मी एका शिपायाच्या गळ्यात असे. ते कैद्यांना अर्ज लिहून देत, म्हणून सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. धोका दिसला की त्यांनी मला फुंकायचं आणि मदत बोलवायची, एवढंच माझं काम. पण तिथल्या शिपायांना एक वाईट खोड होती. जो शिट्टी वाजवेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, आणि वर "बाळ घाबरलं रे!" हेही ऐकून घ्यायचं. मग कोण वाजवणार, सांगा बरं?

एके सकाळी जेवणाच्या रांगेत दोन कैदी भांडले. मास्तर मध्ये पडले. एकाने पाण्याचा जड मग त्यांच्या डाव्या कानावर हाणला. मास्तरांनी मला ओठांशी नेलं. मी तयारच होते हो! पण त्यांनी मला पुन्हा खाली सोडलं. नोंदवहीत स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं, 'पाय घसरून पडलो.'

घरी बायको चिडली. "अहो, मार खाल्लात ना? मग तसं लिहा की!"

"जाऊ दे गं. चारचौघांत हसं नको."

तो कान गेला तो गेलाच. एका कानाने पहारा जमेना, म्हणून नोकरीही जाणार असं ठरलं. नवरा-बायको दोघं भरपाई मागायला कचेरीत गेले, तेव्हा मी मास्तरांच्या खिशात होते. कारकून हळहळला. "मास्तर, कामावरच्या शिपायावर हात उचलला तर शिक्षा आहे. तुम्हाला उपचार, भरपाई, सगळं कायद्यात आहे. पण इथे तुम्हीच 'घसरलो' लिहिलंय. आता मी काय करू?"

जगाचे अर्ज लिहिणारे मास्तर स्वतःच्या तीन शब्दांपुढे मान खाली घालून उभे राहिले. मला फार रडू आलं.

निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी मला आठवण म्हणून त्यांनाच दिलं. त्या दिवशी चहा सगळ्यांनी मिळून त्यांना पाजला. हसलं मात्र कोणीच नाही.

आता मी मास्तरांच्या घरी खुंटीवर असते. कधी नात मला फुंकते आणि हाक मारते, "आजोबा, मी इथे!" आवाज कुठून आला ते एका कानाने त्यांना उमगत नाही. ते भलतीकडेच बघून हसतात.

मित्रांनो, कोणी मारलं तर 'पडलो' म्हणू नका. आणि मदतीला हाक मारणाऱ्याला कधी हसू नका.