तळघरातला उजेड

चौकातली पर्यटकांची झुंबड टाळून सोलांज नेहमीसारखी तटबंदीमागच्या बोळातून पायी निघाली होती. फ्रान्समधल्या बोन शहराची ही बाजू बघायला कुणी येत नाही. ऑक्टोबरात इथल्या भिंतींनाही आंबलेल्या द्राक्षांचा वास येतो.

भाच्याच्या वाइनच्या तळघराची जाळी बोळात पावलांशीच होती. आत उजेड दिसला.

"तिबो!" तिने वाकून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. उजेड जागचा हलेना.

द्राक्षं आंबताना सुटणारा वायू तळाशी साठतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तिचा काका त्यातच गेला होता.

दार उघडंच होतं. कोनाड्यातली मेणबत्ती पेटवून, ती खाली धरून सोलांज उतरू लागली. पाचव्या पायरीवर ज्योत विझली. विझली की मागे फिरायचं, असं वडील बजावायचे. पण पोर खाली असताना फिरायचं कसं? ती ना पुढे जात होती, ना मागे.

"आत्या, इथे काय करतेस?"

मागे तिबो उभा होता, काखेत पाव घेऊन. "खाली डोकं गरगरलं. म्हटलं भुकेने असेल, म्हणून पाव आणायला गेलो. मोबाइल खालीच राहिलाय, आणतो पटकन."

"मेणबत्ती का नेली नाहीस, गाढवा?"

"अगं, मोबाइलचा उजेड जास्त पडतो."

सोलांजने त्याची कॉलर धरून त्याला दाराबाहेर ओढलं.

"मेणबत्ती माणसाच्या आधी मरते, म्हणून न्यायची! तुझा मोबाइल मढ्यालाही उजेड दाखवत बसतो."