आवाजावरून गाडी

“जगात गाडी एकच. टर्बो पेट्रोल, हातानं टाकायचा गिअर. बाकी सगळी चाकं लावलेली कपाटं,” रंगनाथने जाहीर केलं आणि भुवयांवरचं ज्वारीचं पीठ झटकलं. ते समोर बसलेल्या गोपाळच्या चहात पडलं.

पेडगावातल्या या गिरणीवाल्याकडे स्वतःची एक मोपेड होती. तिचा सायलेन्सर त्याने पाच वर्षांपूर्वी ‘मोकळा’ केला होता. तेव्हापासून ती वाघासारखी गुरगुरायची आणि चढ आला की ढकलावी लागायची. तरी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आसपासची माणसं आधी त्याचं मत घ्यायला येत, आणि मत घेऊन झालं की दुसरीच गाडी घेत.

गोपाळ गावच्या शाळेत मास्तर. परभणीत एक जुनी गाडी बघून आला होता.

“काका, मायलेज चांगलं हाय म्हणतो तो.”

“पंगतीला बसून घास मोजायलास व्हय? ओढ बघ, ओढ. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे. मंग रुंद टायर टाक, स्प्रिंगा दोन बोटं खाली घे...”

“खाली घेतल्यावर शाळेपुढचा गतिरोधक?”

“गतिरोधक बदल.”

“आरं, त्येच्या गाडीचं ऱ्हाऊ दे,” दळणाचा डबा पायाशी धरून बसलेल्या नर्मदाबाई म्हणाल्या. “तू आधी गिरणीची जुनी पुली बसव. पीठ निखाऱ्यावानी पडायलंय. भाकर थापायला घेतली की चिरतीय.”

मोटारीवरची पुली बदलून मोठी बसवल्यापासून रंगनाथची गिरणी निम्म्या वेळात दळत होती. गावात घाई कुणालाच नव्हती.

आत्ता मात्र ती बंद होती. दहाला लाईट गेली होती. अशा वेळी लाईनमनला फोन लावायचं काम रंगनाथचं; आज दोनदा विचारलं तरी तो “लागंना” एवढंच म्हणाला. फोन त्याच्या खिशातून निघालाच नव्हता. त्याची लेक अर्पिता येणार होती, आणि तिची गाडी त्याला फाट्यापासून ऐकायची होती.

ती सात वर्षांची असताना दोघं याच उंबऱ्यावर डोळे मिटून बसत. फाट्यावरून वळलेली गाडी दिसायच्या आधी ओळखायची, असा खेळ. एस.टी. सगळेच ओळखतात. अर्पिता एकदा म्हणाली होती, “आबा, जीप हाय, पण एक पिस्टन रुसलाय.” जीप आली, थांबली, आणि ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. रंगनाथने त्या दिवशी सगळ्यांची दळणं फुकट दिली.

पुढे ती इंजिनियर झाली, पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात लागली. दीड वर्षापूर्वी घरी आली तेव्हा म्हणाली, आता मी विजेच्या गाड्यांच्या खात्यात गेलेय. गिरणीत सात-आठ माणसं होती. रंगनाथ म्हणाला, “मंग मिक्सरच्या कारखान्यातच लाग की.” सगळे हसले. अर्पिताही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली, ती दिवाळीलासुद्धा आली नाही. परवा फोन आला: शनिवारी येते, गाडी घेतलीय. कोणती, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याआधी वर्षभर तो तिला मोबाईलवर बोलून पाठवत असे, टर्बोबद्दल, टायरबद्दल, सायलेन्सरच्या नळीबद्दल. उलट एक अंगठा यायचा.

त्या मिक्सरबद्दल तिला बोलायचं एक वाक्यही त्याने तयार ठेवलं होतं. ते काही पाठवण्यासारखं नव्हतं.

फाट्याकडून घरघर आली.

“ही?” गोपाळने विचारलं.

“टेम्पो. क्लच जळायलाय.”

मग एक ट्रॅक्टर गेला. मग बराच वेळ काहीच नाही. रंगनाथ उठून दारात गेला आणि रस्त्याकडे कान करून उभा राहिला. एक मोटार वळली तसा त्याने सदरा खाली ओढला. मोटार तशीच पुढे गेली.

“डिझेल,” तो कुणी न विचारता म्हणाला.

“रंगनाथा,” मागून नर्मदाबाई म्हणाल्या, “कुणाची वाट बघायलास? तुझी लेक मागल्या अंगणात हुबी हाय. कवाची.”

तो वळला. गिरणीच्या मागच्या दारापलीकडे, लिंबाखाली, एक पांढरी गाडी होती आणि तिला टेकून अर्पिता उभी होती. बोळातून आत येऊन गाडी लावली, तरी कोंबड्यासुद्धा उठल्या नव्हत्या.

“कवा आलीस?”

“धा मिन्टं झाली. तुमी ऐकायलाव दिसलं, मनून बोलले न्हाई.”

रंगनाथ गाडीभोवती एक फेरी मारून आला. सवयीने बॉनेटवर थाप दिली. तिने ते उघडलं. इंजिनाच्या जागी एक खोका होता आणि खोक्यात तिच्या चपला आणि आईसाठी आणलेली साडी. तो वाकून बराच वेळ त्या चपलांकडे बघत राहिला.

“मिक्सरच हाय, आबा,” अर्पिता म्हणाली. “थोडा मोठा. बसा.”

फाट्याच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा होता.

“गिअर कुठाय?”

“न्हाई.”

“मंग ओढ कुठून येणार...”

तिने पाय दाबला. रंगनाथची टोपी मागच्या सीटवर गेली. पाठ सीटला चिकटली. दोन्ही बाजूंची कपाशी एकाच पट्ट्यासारखी मागे पळाली, आणि या सगळ्याला आवाज नव्हता. फक्त वारा, आणि त्याच्या स्वतःच्या घशातून निघालेलं काहीतरी. चाळीस वर्षं तो लोकांना जी ओढ समजावून सांगत होता, ती त्याला पहिल्यांदा लागली होती.

परत येताना त्याने मागची टोपी उचलून मांडीवर धरली. अंगणात गाडी थांबल्यावरही तो उतरला नाही. वाक्य ओठापर्यंत आलं तेवढ्यात अर्पिता समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाली,

“सातच टक्के राहिलंय. लाईट कवा येती?”

रंगनाथने खिशातून फोन काढला. “हां साहेब, गिरणीवाला रंगनाथ. किती येळ लावायलाव?”

“आता लागला व्हय फोन?” आतून नर्मदाबाई म्हणाल्या.

पाऊण तासाने लाईट आली. अर्पिताने गाडीची वायर गिरणीच्या बोर्डाला जोडली. वायरीच्या डबीवरचा दिवा लाल लागला.

“अर्थिंग घेईना. खड्डा वाळलाय. आबा, घागरभर पाणी वता.”

गिरणीमागच्या अर्थिंगच्या त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात त्याने गेल्या उन्हाळ्यापासून पाणी घातलं नव्हतं. गिरणीने कधी तक्रार केली नव्हती. त्याने हौदावरून घागर आणली आणि ओतली, मग न सांगता दुसरी आणली. खड्ड्याने बुडबुडे सोडले. दिवा हिरवा झाला.

“आता माझं दळण टाक की,” नर्मदाबाईंनी डबा पुढे सरकवला.

“थांबा मावशी. गिरणी लावली की ऐकू येणार न्हाई.”

त्याने बॉनेटला कान लावला. डोळे मिटले. अर्पिताही दुसऱ्या बाजूने वाकली.

“हाय,” तो म्हणाला. “बारीक हाय, पण हाय.”

“पंप हाय तो, पाण्याचा.”

“असंल.” त्याने कान काढला नाही. “एक कर बाई. पुढल्या बारीला येशील तवा फाट्यावर हॉर्न दे. एकच.”