पाचवी जोडी

ब्रेडाच्या तळघरात स्कीच्या चार जोड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि चारही तिच्यासारख्याच शिस्तीच्या. पहिली अरुंद आणि कडक. सकाळी गोठून काचेसारख्या झालेल्या उतारावर ती सुरीसारखी रुतायची. दुसरी रुंद, नव्या भुसभुशीत बर्फात न बुडणारी. तिसरी हलकी, लिफ्ट नसलेल्या डोंगरावर पायी चढून जायला. चौथी तिच्या शर्यतीच्या दिवसांतली, हल्लीच्या मानाने भलतीच लांब. ती वापरात नव्हती, पण टाकवतही नव्हती.

जानेवारीत ती तिलेनच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "आणखी एक घ्यायची म्हणते."

तिलेन एका स्कीच्या तळाला मेण लावत होता. तो हसायलाच लागला. लहानपणी ब्रेडानेच त्याला बर्फावर उभं केलं होतं. आता त्याच्या दाढीत पांढरे केस दिसू लागले होते, तरी तो तिला बाईच म्हणायचा.

"बाई, तुमचं तळघर माझ्या दुकानापेक्षा भरलेलं आहे. आता काय राहिलं?"

"खेळणारी राहिली."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी कडक बर्फ, दुपारी मऊ, मध्येच उंचवटे, कडेला झाडी, काहीही असो, एकाच जोडीने सगळा डोंगर फिरता यावा अशी. पण नुसती कामाची नको. दाबली की उसळली पाहिजे. जरा वात्रट हवी."

"वात्रट? आणि तुम्हाला?" तिलेनने मेण खाली ठेवलं. "आमचा गुडघा जरा वाकडा गेला तर सगळा उतार पुन्हा चढायला लावायचात तुम्ही!"

"तेव्हा तू माझ्या ताब्यात होतास. आता मी तुझ्या. दाखव."

"दुकानात नाही दाखवणार. शनिवारी वर डोंगरावर स्की घेऊन जाणार आहे मी. तिथे या, पायाला लावा, खाली येऊन बघा. दुकानात हात लावून घ्यायची ही वस्तू नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

ब्रेडाला हे पटलं. पण तळ्याच्या कडेने घरी जाताना तिला वाटत राहिलं की आपण तिलेनला खरं ते सांगितलंच नाही. तिच्या मनात एक जोडी आधीच होती. लाल रंगाची, टोकाला टवके उडालेली. ती सिल्वाची होती, आणि ती आता कुठे होती ते कोणालाच माहीत नव्हतं.

सिल्वा आणि ती, दोघींनी एकाच स्की शाळेत शिकवत जन्म काढला. शेवटची मुलं आयांबरोबर घरी गेली की दोघी शेवटच्या लिफ्टने पुन्हा वर जायच्या, स्वतःसाठी. ब्रेडा उताराच्या मधोमध, मोजूनमापून वळणं घेत यायची. सिल्वा मात्र कडेला, झाडीच्या अंगाने, जिथे उंचवट्यांमागून उंचवटे होते. ब्रेडा खाली पोचून वाट बघत उभी राहायची. आधी वरून सिल्वाची आरोळी ऐकू यायची, मग उडालेला बर्फ दिसायचा, आणि मग सिल्वा, टोपी मानेवर, नाक लाल.

"किती हा उशीर!" ब्रेडा म्हणायची.

"तुला कुठे गाडी पकडायची होती ग?"

दोन वर्षांपूर्वी सफरचंदांची पेटी उचलताना सिल्वाच्या पाठीतला एक मणका खचला. हाडं आतून पोकळ झाली आहेत, डॉक्टर म्हणाले. एकदा पडलात तर उठून बसण्याची खात्री नाही. मग मुलाने तिला समुद्राकाठी, इझोलाला नेलं. तिथे बर्फ पडत नाही. जाण्याआधी सिल्वाने आपल्या सगळ्या स्की गावातल्या जुन्या सामानाच्या बाजारात नेऊन अनोळखी माणसांना देऊन टाकल्या. ब्रेडाला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

"माझ्यासाठी एक जोडी ठेवता आली नसती का?" तिने फोनवर विचारलं होतं.

"तुझ्या उंचीला बसल्या नसत्या," सिल्वा म्हणाली होती.

ब्रेडाने फोन ठेवून दिला. त्यानंतर दोघींमध्ये नव्या वर्षाच्या शुभेच्छांपुरतंच बोलणं उरलं. वर जायची सवय ब्रेडाने मोडली नाही, पण शेवटच्या लिफ्टची मात्र मोडली. दुपारी तीनलाच ती खाली यायची.

शुक्रवारी तिने सिल्वाला फोन लावला.

"उद्या स्की निवडायची आहे. वर येतेस का?"

"मी येऊन काय करू? थंडीत बसून राहू?"

"हो. वर उपाहारगृहाच्या गच्चीवर बसून राहा. मी खाली येताना बघ आणि सांग, कोणती बरी."

"सबंध आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीस, आणि आता—"

"सिल्वा, येतेस की नाही?"

"जॅकेट शोधावं लागेल," सिल्वा म्हणाली.

मुलाने तिला गाडीने गोंडोलापाशी, डोंगरावर नेणाऱ्या दोरावरच्या डब्यापाशी, आणून सोडलं. ब्रेडाने येता येता दोन-चार वाक्यं जुळवली होती, रागाचीही आणि समेटाचीही. पण सिल्वा गाडीतून उतरली, दार धरून जरा थांबली, मग सरळ झाली, आणि सरळ झाल्यावरही ब्रेडाच्या खांद्यालाच आली. ब्रेडाची सगळी वाक्यं विरून गेली.

"अग, तू बुटकी झालीस!"

"आणि तू म्हातारी. चल, रांग वाढतेय."

गोंडोला तळ्यावरून वर निघाला. तळं गोठलेलं, त्यावर धुक्याची पट्टी. सिल्वा काचेला नाक लावून उभी होती. धुकं संपून ऊन लागलं तशी ती पुटपुटली, "काय वास येतो." बंद डब्यात कसलाच वास नव्हता.

वर तिलेनने झोपडीवजा उपाहारगृहाच्या बाजूला स्कीची रांग मांडली होती. सिल्वाला बघून तो धावत आला, मिठी मारायला हात पसरले आणि मध्येच थांबला.

"मार, मार मिठी. काचेची बरणी नाही मी," सिल्वा म्हणाली. "फक्त उचलू नकोस."

तिला गच्चीवरच्या बाकावर मेंढीच्या कातड्यावर बसवलं, पायांवर घोंगडी टाकली. समोर अख्खा उतार उघडा होता. दोघींनी एकमेकींना फोन लावून ते चालूच ठेवले. ब्रेडाने आपला वरच्या खिशात घातला.

पहिली जोडी तिलेनची आवडती. कडक, शहाणी, सांगेल तिथे वळणारी. ब्रेडा सुरेख खाली आली. खिशातून आवाज आला, "डोंगराला इस्त्री करतेयस का?"

"चांगली आहे ही."

"चांगली आहेच. तळघरात हिच्या चार बहिणी उभ्या आहेत. बदल."

दुसरी रुंद आणि मऊ. उखडलेल्या बर्फावरून ती गुमान गेली, पण वळायचं म्हटलं की प्रत्येक वेळी विचार करायची. "गाभण गाय," सिल्वाने निकाल दिला. "वरच्या कुरणातून खाली आणतेयस असं वाटतंय. बदल."

तिसरी दिसायला साधीच होती. हिरवट रंगाची, ब्रेडाच्या हनुवटीपर्यंत येणारी, मध्ये जरा बारीक, पुढचं टोक वर उचललेलं. पायाला लावल्यावर हलकीही वाटली नाही. पण पहिल्याच वळणाला ब्रेडाने सवयीने भार टाकला आणि वळण संपता संपता स्कीने तिला वर उडवलं. फार नाही, चार बोटं. ब्रेडाने घाबरून ती दाबून धरली, तशी तिने पुढच्या वळणाला आणखी जोरात उसळी घेतली.

"थांब," फोनमधून सिल्वाचा आवाज आला. आता त्यात चेष्टा नव्हती. "कडेने जा. झाडीकडे."

"तिथून मी कधी—"

"माहीत आहे मला. जा."

ब्रेडा झाडीच्या तोंडाशी उभी राहिली. खाली उंचवटे एकामागे एक, मधल्या खळग्यांत निळ्या सावल्या. एवढी वर्षं हा तुकडा ती खालूनच बघत आली होती.

"गुडघे सोड," सिल्वा सांगत होती. "हनुवटी वर. पायाखाली बघायचं नाही, तिसऱ्या उंचवट्याकडे बघ. आणि तिला धाक दाखवू नकोस ग. वात्रट पोराला पकडून ठेवलं की ते जास्तच लाथा मारतं. खेळू दे तिला."

पहिला उंचवटा गेला. दुसऱ्यावर स्की आपणहून वळली, आणि ब्रेडाने तिला वळू दिलं. तिसरा गेला, चौथा गेला. पाचव्यावर ती हवेत होती, आणि तिच्या तोंडून मोठ्याने काहीतरी निघालं, शब्द नव्हे, नुसताच आवाज. सहावा तिला दिसलाच नाही. ती पाठीवर आपटली, टोपी एकीकडे, काठी दुसरीकडे.

वर आभाळ फार निळं होतं. फांदीवरचा बर्फ सावकाश तिच्या तोंडावर झडत होता.

"पडलीस?" खिशातून आवाज.

"पडले."

"हाडं?"

"आहेत."

"मग ऊठ. हीच घे."

ब्रेडा उठली नाही. ती तशीच पडून राहिली, आणि आपण हसतोय की रडतोय हे तिला क्षणभर कळेना. हे सगळं सिल्वाला रोज मिळत होतं, आणि आपण खाली उभं राहून तिला उशीर झाला म्हणून कुरकुरत होतो.

गच्चीवर दोघींनी आंबवलेल्या कोबीचं आणि घेवड्याचं गरम सार घेतलं. सिल्वाने वाडगा दोन्ही हातांत धरला होता, प्यायला कमी आणि शेकायला जास्त.

"लाल जोडी कोणी नेली?" ब्रेडाने विचारलं. आता ते विचारणं सोपं गेलं.

"एका बाईने. तिशीतली असेल. गवतावरच पायाला लावून उड्या मारायला लागली. नाव नाही विचारलं मी."

"मला दिली असतीस तर?"

"तुझ्या भिंतीला टेकून उभी राहिली असती ती. रविवारी तू धूळ पुसली असतीस." सिल्वाने वाडगा खाली ठेवला. "मला ती कुठेतरी घसरत असलेली हवी होती ग."

"निदान सांगायचंस तरी."

"तुला सांगितलं असतं तर माझ्याने देववली नसती."

तिलेन हिरवी जोडी बाजूला काढून ठेवायला आला. सिल्वाने त्याच्याकडे न बघताच विचारलं, "माझ्या मापाचे बूट आहेत का रे तुझ्याकडे?"

तिलेनने ब्रेडाकडे बघितलं.

"तिच्याकडे काय बघतोस? पाय माझे आहेत."

"नाही," ब्रेडा म्हणाली. "अजिबात नाही. सिल्वा, तू वेडी आहेस का?"

"इथेच. सपाटीवर. उभी राहते फक्त."

"आणि पडलीस तर तुझ्या मुलाला मी काय सांगू?"

"सांग, आई म्हणाली होती की समुद्र छान आहे," सिल्वा म्हणाली. "रोज तेच सांगते मी त्याला. त्याला खरंही वाटतं." तिने पायांवरची घोंगडी बाजूला केली.

तिलेनने बूट आणले. गुडघ्यावर बसून त्याने तिच्या पायात ते घातले, चाप लावले, आणि हिरव्या स्कीची पकड तिच्या वजनाला जुळवून दिली. खट्, खट्, असे दोन आवाज झाले. उपाहारगृहासमोरची जागा जवळजवळ सपाटच होती, अगदी जराशी उतरती, लहान मुलांना शिकवायला नेतात तसली. ब्रेडा तिच्या समोर, तोंडाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात हातांत घेऊन उलटी चालू लागली. आयुष्यभरात शेकडो मुलांना तिने असंच नेलं होतं. सिल्वाचे हात मुलांसारखेच बारीक झाले होते.

स्की सरकली. सिल्वा खाली बघत नव्हती. ती ब्रेडाच्या खांद्यावरून लांब कुठेतरी बघत होती.

"हात सोड," ती म्हणाली.

"नाही."

"सोड ना ग. चार पावलं तर आहेत."

ब्रेडाच्या बोटांनी उलट जास्तच घट्ट धरलं. तिच्या मनात सगळं एकदम उभं राहिलं: गाडीचं दार धरून थांबलेली सिल्वा, तो खचलेला मणका, मुलाचा फोन. मग तिने सिल्वाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हात सोडले.

सिल्वा एकटी घसरली. फार हळू, शेजारून एक म्हातारा कुत्रा चालला होता, तो तिच्या पुढे गेला. गुडघे तिने जरासे वाकवले, खांदे खाली सोडले, आणि शेवटी शेवटी, अगदी उगीचच, एक छोटंसं वळण घेतलं. थांबली. आरोळी वगैरे काही ठोकली नाही. तिलेनने पुढे होऊन तिच्या कोपराला हात लावला तेव्हा ती म्हणाली, "पुरे. काढ आता."

बूट काढताना ती डोळे मिटून बसली होती.

"पुन्हा विचारू नका मला, येतेस का म्हणून," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मार्चमध्ये विचारा."

दुपारी मुलगा तिला न्यायला आला. दोघींनी त्याला काहीच सांगितलं नाही. गाडी निघताना सिल्वाने काच खाली केली, ब्रेडाच्या खांद्यावरच्या हिरव्या स्कीवर बोटाने टकटक केलं आणि काच वर केली. गाडी पुलापलीकडे वळेपर्यंत ब्रेडा रस्त्यात उभी होती.

संध्याकाळी तिने नवी जोडी स्वयंपाकघरातच उभी केली, चुलीपासून जरा लांब. तळघरात न्यायला पाय वळेना. चहाला आधण ठेवलं तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस?"

"पोचले. इथे पाऊस आहे. तिकडे?"

ब्रेडाने पडदा सारला. "आता सुरू झालाय. बर्फ."

"कसला?"

"बारीक. कोरडा. वारा नाही."

"दिव्याखाली दिसतोय का?"

"हो. सरळ खाली येतोय."

"कुंपणावर किती बसलाय?"

"अजून बोटभरही नाही."

"खिडकी उघड ना," सिल्वा म्हणाली.

"त्याचा आवाज येत नाही, सिल्वा."

"ठाऊक आहे मला. उघड तरी."

ब्रेडाने खिडकी उघडली आणि फोन धरलेला हात बाहेर काढला. आधण उकळून झाकण खडखडायला लागलं, तरी तिने हात आत घेतला नाही.