मकेवाल्याचं भाषण

गावात सगळ्यात खुरटा मका त्याचा, आणि तरी गाव त्याला मकेवाला म्हणायचं. म्हणताना ओठ जरा दाबून धरायचं. कारण मक्याच्या ओळींमध्ये दुसरं काय उभं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वारा पडला की वासच सांगायचा.

त्या दुपारी मकेवाल्याची बायको वाकून त्या दुसऱ्या झाडांची खालची पानं खुडत होती. मक्याची पाती मानेला कापत होती, बोटं चिकट काळी झाली होती. बांधावर कुणी खोकलं तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून हा धसका तिच्या संसाराला चिकटला होता.

"ऐकलंत का?" ती म्हणाली. "सरकार म्हणे गांजाला परवानगी देणार. गावोगाव लोकांचं मत विचारताहेत. आज संध्याकाळी आपल्याकडे बैठक आहे."

"ऐकलंय."

"बरंच झालं की. परवाना काढू आणि उजळ माथ्यानं लावू."

मकेवाल्यानं कंबर सरळ केली. "बरं कसं झालं? परवानगी मिळाली की जो तो लावेल. खाली काळी जमीन, विहिरींना पाणी. आपल्या या मुरमाड तुकड्याला मग कोण विचारतंय? बंदी आहे म्हणून आपली चूल पेटते."

"म्हणजे तुमची चूल पेटावी म्हणून मी जन्मभर थरथरायचं?"

"तुला आता सवय झालीये."

हे बोलायला नको होतं, हे बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं. तिनं ओंजळीतली पानं त्याच्या पायाशी टाकली आणि चालू लागली.

बैठक शाळेच्या ओसरीवर भरली. गावचा कारभार बघणारे नाना खुर्चीत, बाकी मंडळी सतरंजीवर. पहिले उठले म्हातारे मास्तर, काठी टेकत. "दारूचं दुकान पाटी लावून भर रस्त्यावर चालतं," ते म्हणाले. "त्यानं किती घरं बसली ते मोजा. आणि दुखण्यानं तळमळणाऱ्या माणसाला एका झाडाचा आराम मिळत असेल, तर त्यानं चोरासारखं का वागायचं?" पुष्कळ माना हलल्या.

मग दूधवाली उभी राहिली. ती एरवी सभेत बोलायची नाही. "माझा पोरगा दोन वर्षं त्या धुरात बसून होता," ती म्हणाली. "शिक्षण गेलं, काम गेलं. आता कुठे माणसात आलाय. उघड मिळायला लागलं, तर मी त्याला किती धरून ठेवू? कुणाकडून आणायचा, ते मी कधी विचारलं नाही." ती समोर बघतच खाली बसली. मकेवाल्याची बायको पदराशी चाळा करत राहिली. तिला मान वर करवेना.

आणि नेमका तेव्हा मकेवाला उठला.

तरुण पिढी, आईबापांचे अश्रू, गावाची अब्रू, काही म्हणून त्यानं सोडलं नाही. त्याची नेहमीची गिऱ्हाइकं पुढेच बसली होती, त्यांनी उपरणी तोंडाशी धरली. पण तो असा काही रंगात आला की शेवटी त्यानं स्वतःचेच डोळे पुसले. टाळ्या पडल्या. हात वर करायला सांगितल्यावर निम्म्याहून जास्त हात विरोधात गेले.

"आता नुसतं बोलून भागणार नाही," नाना म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. "एक समिती करू. शेतं तपासू. अध्यक्ष यांच्यापेक्षा चांगला कोण मिळणार?"

मकेवाल्याला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही.

"सुरुवात कुठून करायची?"

नानांनी सगळ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात बायकांमधून आवाज आला. "अध्यक्षांच्या शेतापासून करा. म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. उद्या सकाळीच या." मकेवाल्यानं वळून पाहिलं. त्याचीच बायको उभी होती.

घरी न जाता दोघं थेट शेतात गेली. आदल्या दिवशीच्या पावसानं जमीन भुसभुशीत झाली होती, झाडं मुळासकट हातात येत होती. दर झाडामागे मकेवाला एक उसासा टाकत होता.

"बांधाकडची थोडी राहू देऊ का?" त्यानं हळूच विचारलं.

"अध्यक्ष, उपटा."

सगळा ढीग शेणखताच्या खड्ड्यात गेला.

सकाळी समिती आली. मक्याच्या ओळींमध्ये ताज्या उकरलेल्या मातीचे पट्टे बघून नानांनी विचारलं, "इथे काय होतं?"

"तण," बायको म्हणाली. "फार माजलं होतं."

दूधवालीनं मूठभर माती उचलली, नाकाशी नेली, खाली टाकली. बायकोकडे बराच वेळ बघितलं. "हात नीट धुवा, वहिनी," ती म्हणाली. "तणाचा वास लवकर जात नाही." आणि बाकीच्यांना घेऊन ती पुढच्या शेताकडे निघाली.

दुपारी मागच्या दारी काठी वाजली. मास्तर होते. आत येऊन बाजेवर टेकले, गुडघे धरून.

"सभेत तुम्ही इतकं छान बोललात," ते मकेवाल्याला म्हणाले, "की माझंसुद्धा मत डळमळलं. गुडघ्यांना मात्र काही केल्या पटेना."

"मास्तर, आता एक पानही शिल्लक नाही." मकेवाला त्यांच्याजवळ बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? परवानगी मिळायलाच हवी होती."

"हे काल बोलायचं होतं."

"काल शेतात झाडं उभी होती."

बायको आतून तेलाची वाटी घेऊन आली, गरम केलेली. वाटी तिनं नवऱ्याच्या हातात दिली. "रोज येत जा, मास्तर," ती म्हणाली. "यांना आता वेळच वेळ आहे."

मकेवाल्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वाटीकडे. मग बाह्या वर सारल्या आणि गुडघा चोळायला घेतला.

"जरा जोर लावा, अध्यक्ष," मास्तर म्हणाले.