आठ पेले पाणी

दुपारची पाळी संपत आली की त्या वॉर्डातल्या शिकाऊ नर्सेसचं एक ठरलेलं काम असे. म्हाताऱ्या पेशंटचे पाण्याचे तक्ते एका बैठकीत भरून टाकायचे! कोण किती पाणी प्यायलं ते खरं तर दर वेळी पाहून लिहायचं असतं. पण खाटा बावीस, पाय भरून आलेले. मग अंदाजाने आकडा पडायचा. "एवढं कोण बघतंय?" म्हणत त्या मोकळ्या व्हायच्या.

सात नंबरच्या आजी एकट्या राहून शिवणकाम करायच्या. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्यांच्या खाटेवर नेमलेल्या शिकाऊ नर्स मुलीला सुनावलं, "तुझी उजवी बाही आखूड आहे गं. कुणी शिवली? पाठव त्याला माझ्याकडे!" मुलगी हसली होती. चौथ्या दिवशी मात्र आजी तिलाच "वन्सं, वन्सं" म्हणू लागल्या, चादरीत सुई शोधू लागल्या. मुलीनं नोंदवहीत लिहिलं, 'वयोमानाने भ्रम.'

डॉक्टरांनी ती नोंद वाचली आणि आजींच्या लेकीला म्हणाले, "यांना आता एकटं ठेवता येणार नाही. वृद्धाश्रमाचं बघून ठेवा."

लेक म्हणाली, "अहो, सोमवारी हिनं फोनवर माझ्या मुलाच्या गणितातली चूक काढली! तीन दिवसांत एवढं म्हातारं होतं का हो माणूस?"

हे ऐकून मोठ्या सिस्टर खाटेपाशी आल्या. "आजी, जीभ दाखवा बघू." जीभ कोरडी ठाक होती. त्यांनी तक्ता उचलला.

"रोजचे आठ पेले लिहिलेत. कुठं गेलं गं हे पाणी?"

मुलगी हळूच म्हणाली, "मी... बघितलं नाही सिस्टर. सगळ्यांचंच तसं भरतो."

"तरण्या माणसाचं डोकं असं फिरलं असतं तर चार तपासण्या केल्या असत्या आपण. इथं वय दिसलं आणि तपास थांबला! अगं, वय म्हणजे काय आजार आहे?" सिस्टरांचा आवाज चढला नव्हता. त्यासुद्धा सकाळपासून उभ्याच होत्या.

डॉक्टरांनी वृद्धाश्रमाचा विषय तिथेच थांबवला. रक्त तपासलं. अंगातलं पाणी कमी पडूनच भ्रम झाला होता; सलाइन लागलं. शिकाऊ मुलगी चमच्याचमच्याने पाणी पाजत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजींनी लेकीला नावानं हाक मारली. लेक रडली आणि हसलीही.

मुलीनं खाली मान घालून विचारलं, "आजी, पाणी का नव्हतात पीत?"

"प्यायलं की लघवीला भांडं मागावं लागतं ना पोरी. त्या दिवशी तू म्हणालीस, 'आत्ताच तर दिलं होतं!' म्हटलं, दमलीय बिचारी. आपणच जरा कमी प्यावं."

मुलीनं तक्ता हातात घेतला. आपण चिडून टाकलेलं एक वाक्य! ते आपण केव्हाच विसरलो, आणि या बाईचं घर त्यापायी सुटणार होतं!

तिनं तक्त्यावरचे आपले सगळे आकडे रेघ मारून खोडले, बाजूला 'प्रत्यक्ष पाहिलेले नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. याचा जाब द्यावा लागणार, हे तिला माहीत होतं. मग ती आठ नंबरच्या आजोबांकडे गेली. त्यांनी काही मागितलं नव्हतं.

"आजोबा, भांडं देऊ? संकोच नका करू. मी दमले असले तरी मागा."

मित्रहो, थकवा कुणाला चुकलाय? दवाखान्यात नाही, घरातही नाही. पण आपल्या थकव्याची झळ नको म्हणून एखादं म्हातारं माणूस तहान मारत असेल, तर ते म्हातारपण नव्हे, आपला दोष आहे. त्यांनी मागायची वाट पाहू नका. आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.